वारांची कुळकथा

विक्रोळीच्या कन्नमवार नगरात दिवसभर बसगाड्या येतात-जातात आणि हे कन्नमवार कोण, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. विचारलाच तर एखादा जुना रहिवासी सांगेल, "मुख्यमंत्री होते." होतेच. चीनचे आक्रमण झाले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि २० नोव्हेंबर १९६२ रोजी चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे, मारोतराव सांबशिव कन्नमवार महाराष्ट्राचे दुसरे मुख्यमंत्री झाले. वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९६३ रोजी, पदावर असतानाच ते गेले. पण ते मुख्यमंत्री होते हे कळूनही एक गोष्ट उरतेच. चव्हाण, कन्नमवार, नाईक, पाटील, पवार अशी यादी ओळीने वाचली की दुसऱ्या नावाशी जीभ अडखळते. चव्हाण हे कूळ सांगते, नाईक आणि पाटील हुद्दा सांगतात. कन्नमवार काय सांगते? शेवटी 'कर' नाही, म्हणजे गावाचा पत्ता नाही. देशपांडे-कुलकर्ण्यांसारखा वतनाचा वासही नाही.

नागपुरात हे आडनाव कुणाला अडत नाही. धंतोली-रामदासपेठेतल्या डॉक्टरांच्या पाट्या बघा, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाबाहेरची वकिलांची नावे वाचा, इतवारीतल्या ठोक दुकानांच्या गाद्यांवर नजर टाका. चार पाट्यांत एखादा तरी वार, म्हणजे आडनावाच्या शेवटी 'वार' असलेला, निघतोच. विलास मुत्तेमवार १९९८ पासून २०१४ पर्यंत नागपूरचे खासदार होते आणि त्या काळात नागपूरकराने मुत्तेमवार म्हणजे कुठले, असे विचारल्याचे ऐकिवात नाही. विचारतात ते पुण्याचे. चांद्या-यवतमाळचा मुलगा पुण्यात वसतिगृहावर राहायला गेला की "आठवड्यातला कितवा वार?" ही कोटी त्याला पहिल्या आठवड्यातच ऐकावी लागते. कोटी करणारा दरवेळी नवा असतो आणि आपल्यालाच पहिल्यांदा सुचली, असा त्याचा चेहरा असतो.

तर हा वार सोमवारातला नव्हे, तलवारीचाही नव्हे. काही घरांत 'आमचे पूर्वज लढवय्ये, त्यांनी वार केले म्हणून वार' अशी कथा सांगतात. ऐकायला बरी आहे, तिथेच सोडावी. हा वार तेलुगूतला 'वारु'.

तेलुगूत सलगीने किंवा कमी लेखून एकट्या पुरुषाबद्दल बोलायचे तर 'वाडु' म्हणतात, म्हणजे 'तो'. मान द्यायचा असेल, किंवा माणसे पुष्कळ असतील, तर 'वारु', म्हणजे 'ते'. बायको नवऱ्याविषयी बोलताना 'मा वारु' म्हणते, आपल्याकडच्या 'आमचे हे'सारखे. घराण्याबद्दल बोलायचे झाले तर घराचे नाव घेऊन त्याला वारु जोडायचा. गड्डमवारु म्हणजे गड्डम मंडळी. सोयरीक असो, उधारी असो की धुऱ्यावरचे भांडण, मंडळी बोलण्यात अशीच येणार. शेजारच्या मराठी माणसाने ते ऐकले आणि आपल्या जिभेवर घेतले. तेलुगू शब्दाला शेवटी स्वरावर टेकल्याशिवाय चैन पडत नाही. मराठीला शेवटचा ऱ्हस्व उकार पेलत नाही. उकार गळाला, वार उरला. कन्नडचा 'अवरु' हा याच वारुचा भाऊबंद. सीमाभागात 'अण्णवर'ने संपणारी आडनावे भेटतात ती त्याच्या घरची.

मौज अशी की तेलुगू माणसाच्या लेखी आडनावात हा वारु नसतो. त्याचे आडनाव म्हणजे 'इंटिपेरु'. इल्लु म्हणजे घर, पेरु म्हणजे नाव. इंटिपेरु म्हणजे घराचे नाव. ते माणसाच्या नावाच्या आधी येते आणि बहुतेकदा आखडून एका अक्षराएवढे होते. नंदमुरी तारक रामाराव हे एन. टी. रामाराव होतात आणि नंदमुरी घर 'एन'मध्ये जाऊन बसते. वारु बोलण्यात असतो, कागदावर नसतो. म्हणजे कन्नमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार ही आडनावे या पूर्ण रूपात खास तेलुगू मुलखात घडलेलीच नाहीत. आंध्रात मुनुगंटी हे घरनाव आहे, मुनगंटीवार नाही. एका भाषेत बोललेले दुसऱ्या भाषेने लिहून घेतले तेव्हा हे आडनाव जन्माला आले. माणसे आपापल्या घराची नावे घेऊन नदी ओलांडून आली. वार त्यांना अलीकडच्या काठावर मिळाला.

पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव यांचे उदाहरण इथे देण्याजोगे आहे. त्यांचे कायद्याचे शिक्षण नागपूर विद्यापीठात झाले, मराठी त्यांना उत्तम येई, हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' त्यांनी तेलुगूत नेली, आणि १९८४ व १९८९ अशा दोन निवडणुकांत ते आपल्या रामटेकमधून लोकसभेवर गेले. पण नाव राहिले पी. व्ही. त्यांच्या खापरपणजोबांनी शे-दीडशे वर्षे आधी वर्धा ओलांडून गोंडपिपरीकडे शेत केले असते, तर रामटेकच्या मतपत्रिकेवर 'पामुलपर्तीवार नरसिंहराव' असे छापावे लागले असते आणि बाहेरचा उमेदवार म्हणून झालेली ओरड निम्म्याने तरी कमी झाली असती.

घरनावांचा ऐवज पाहिला तर तो फार घरगुती आहे. गड्डम म्हणजे दाढी. कुणा पूर्वजाची दाढी गावाच्या डोळ्यांत भरली असेल, पोरेबाळे गड्डम घरची झाली. सावलीचे आमदार राहिलेले वामनराव गड्डमवार आणि पलीकडच्या पेद्दपल्लीचे खासदार राहिलेले गड्डम वेंकटस्वामी, ज्यांना देश जी. वेंकटस्वामी म्हणून ओळखत होता, या दोघांचे घरनाव एकच. म्हणून घराणे एक ठरत नाही. दाढ्या दोन्ही काठांवर वाढतात. मामिडी म्हणजे आंबा, त्याचे मामिडवार. तुम्म म्हणजे बाभूळ, तिचे तुम्मलवार. चिंतावार हे आडनाव ऐकून मराठी माणसाच्या कपाळाला आठी पडते, कसली चिंता म्हणून. चिंता म्हणजे चिंच. दारात, बांधावर किंवा जुन्या गावाच्या वेशीवर चिंचेचे झाड होते, एवढेच. मुत्यम म्हणजे मोती, त्याचे मुत्यालवार. रेड्डीवार आणि शेट्टीवार यांत तर मानावर मान चढलेला आहे. रेड्डी हीच पदवी, तिला वारु लावून आणखी आदर, आणि आज आपण पुढे 'साहेब' जोडून रेड्डीवारसाहेब म्हणतो. एका माणसाला तीन नमस्कार.

गावावरून पडलेली नावेही आहेत. कोत्त म्हणजे नवे, पल्ली म्हणजे खेडे. कोतपल्लीवार म्हणजे चक्क नवेगावकर. वार हा तेलुगूचा 'कर' आहे असे नागपुरात लोक सरसकट सांगतात ते अशा नावांमुळे. तेवढ्यापुरते ते चालून जाते, पण पुढे अडते. 'कर' गावाला चिकटतो. आंब्याला, दाढीला, मोत्याला चिकटत नाही. रत्नागिरीत मोत्यावरून मोतीकर कुणी होत नाही. वार कशालाही चिकटतो, कारण तो त्या वस्तूला नव्हे तर घरातल्या माणसांना लागलेला असतो. मराठीत याच्या सगळ्यांत जवळचा शब्द 'मंडळी' हाच.

वारुचा मान सगळ्यांच्या वाट्याला आला नाही, हेही नावांतच दिसते. नांदेड जिल्ह्यात, देगलूर-बिलोली-किनवटकडे, 'वाड'ने संपणारी आडनावे आढळतात. गायकवाड यांत धरू नयेत, त्यांची व्युत्पत्ती निराळी. पण बाकीच्यांत मला तो एकवचनी 'वाडु' ऐकू येतो. महाराष्ट्राच्या जातींच्या यादीत पेरकेवाड आहे आणि मन्नेरवारलूही आहे. एकात वाडु, दुसऱ्यात वारु आणि त्यावर पुन्हा अनेकवचनी 'लु'. कुणाला 'ते' म्हणायचे आणि कुणाला 'तो', हे गावाने ठरवले, लिहिणाऱ्याने निमूट लिहिले आणि पुढच्या पिढ्यांनी ते शाळेच्या दाखल्यावर वागवले. आज त्या नावाच्या माणसाला कुणी अरेतुरे करीत नाही. नावातला 'तो' मात्र तसाच राहिला आहे.

जातींच्या नावांचा उल्लेख आला तो मुद्दाम. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली निघाला. त्यात कापेवार या नावाची नोंद आहे. तेलुगू मुलखातले कापू शेतकरी, म्हणजे आपल्याकडच्या कुणब्यांच्या जोडीचे. चांद्यात आणि वऱ्हाडात आले तेव्हा त्यांच्या जातीलाच कापेवार म्हणू लागले. कापेवार हे कापूचे निव्वळ अनेकवचन आहे हे रसेलने तिथेच नोंदवले आहे. त्यांच्यातल्या मुन्नूर पोटशाखेचे तसेच मुन्नूरवार झाले. मन्नेम म्हणजे डोंगराळ रान. तिथल्या कोलामांना तेलुगू शेजारी मन्नेवार म्हणत. म्हणजे हा प्रत्यय आधी माणसांच्या समूहाला लागत होता, जात असो, जमात असो की घर असो. पुढे जातीचा वार जातीच्या रकान्यात गेला आणि घराचा वार आडनावाच्या रकान्यात राहिला.

यावरून वार ही कोमट्यांचीच खूण, हा समजही ढिला पडतो. कोमटी, म्हणजे आजचे आर्यवैश्य, यांच्यात वार पुष्कळ आहेत आणि दुकानदारीमुळे ते डोळ्यांत भरतात, हे खरे. पण मारोतराव कन्नमवार बेलदार समाजातले होते. कापूंमध्ये वार आहेत, विणकरांमध्ये आहेत, गोल्ला धनगरांमध्ये आहेत. वारवरून जात ओळखायला जाणारा माणूस हमखास फसतो, आणि फसू दे. आडनावावरून जात काढायची खोड असलेल्यांची जिथे पंचाईत होते अशी ठिकाणे आपल्याकडे आधीच थोडी आहेत.

मग वार सांगतो तरी काय? माझ्या मते तो वाट सांगतो. तेलुगू माणूस मराठी मुलखात कुठल्या दाराने आला आणि त्याचे नाव पहिल्यांदा कुणी लिहिले, हे त्यातून कळते.

सोलापूर घ्या. तिथल्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांइतकी दाट तेलुगू वस्ती महाराष्ट्रात क्वचितच असेल. पण तिथले नरसय्या आडम हे आडमवार नाहीत. गंगाधर कुचन आणि धर्मण्णा सादुल हे सोलापूरचे खासदार होऊन गेले. कुचनवार, सादुलवार कुणी झाले नाही. घरनाव जसेच्या तसे, शेपटी न लावता. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ सालची. त्यानंतर मागावर, गिरणीत, विडीच्या कारखान्यात कामाला तेलंगणातून माणसे येत राहिली. ती मोठ्या संख्येने आली आणि आपल्याच माणसांच्या वस्तीत राहिली. त्यांच्या घराबद्दल 'ते अमुकवारु' असे बोलणारा शेजारी तेलुगूच होता. ते ऐकून मराठीत घोटणारा, बदलणारा कुणी मध्ये नव्हता. शिवाय हजेरीपटावर नाव घालणाऱ्याने समोरच्याला विचारले, त्याने स्वतः आपले घरनाव सांगितले. स्वतःच्या नावाला कुणी आपण होऊन 'मंडळी' लावत नाही.

दुसरे दार मद्रासचे. कामठीची छावणी १८२१ ची, आणि तिथे वर्षानुवर्षे मद्रासी पलटणी असत. त्यांच्या मागोमाग दुकानदार, कारकून, वकील आले. नायडू, मुदलियार, पिल्ले ही नागपूर-कामठीची नावे त्या वाटेची. नागपुरात १८९५ साली जन्मलेले आणि १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीत कप्तान असलेले सी. के. नायुडू हेही वकिलांच्या तेलुगू घराण्यातले. सी म्हणजे कोटारी, हे त्यांचे घरनाव. के म्हणजे कनकय्या. इंग्रजी शिकलेल्या, मद्रासी वळणाने नाव लिहिणाऱ्या घरात घरनाव आद्याक्षरात गेले आणि नायुडू ही पदवी आडनाव होऊन बसली. चांद्याच्या वाटेने आले असते तर कोटारीवार झाले असते. कसोटी क्रिकेटच्या धावफलकावर ते कसे दिसले असते, याची कल्पना करून पाहावी.

तिसरे दार चांद्याचे, आणि वार त्याच दाराने आला. नकाशा पुढे घ्यावा. पैनगंगा वर्धेला मिळते, वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. या पाण्याच्या एका अंगाला मराठी, दुसऱ्या अंगाला तेलुगू, आणि दोन्ही अंगांच्या रानात गोंड आणि कोलाम. पण राज्यांच्या सीमांनी या पाण्याचा मान कधी ठेवला नाही. चांद्याचे गोंड राज्य १७५१ साली नागपूरकर भोसल्यांकडे आले. सिरोंच्याचा मुलूख निजामाकडून इंग्रजांकडे आला तेव्हा अपर गोदावरी नावाचा वेगळाच जिल्हा करून सिरोंचा हे त्याचे ठाणे झाले; १८७४ साली तो जिल्हा मोडला, सिरोंचा चांद्याला जोडले आणि भद्राचलम मद्रासकडे गेले. राजुरा आणि किनवट निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ते मराठी बाजूला आले. माणूस जागच्या जागी बसून राहिला तरी त्याच्या सातबाऱ्याची भाषा बदलत होती.

अशा मुलखात तेलुगू माणूस परका म्हणून आला नाही. धानाच्या शेतीसाठी तो आला, तळे बांधायला आला, हळद-मिरची-मीठ-कापड विकायला आला, कोसा विणायला आला. आला तो दोन-चार घरांनी आणि मराठी गावात बसला. त्याच्या घराला गावाने नाव दिले आणि ते बोलण्यातले नाव होते, म्हणून त्यात वारु होता. बोलण्यातल्या त्या वारुची पुढे चांद्याच्या मराठी लिहिणाऱ्याने शाई केली. गिरणीत नाव ज्याचे त्याने सांगितले, गावात ते शेजाऱ्याने सांगितले. माझ्या मते सोलापूर आणि चांदा यांच्यातला फरक एवढाच आहे.

आणि हे फार जुनेही नाही. विदर्भात जातपडताळणीसाठी धावपळ केलेल्या कुणालाही कोतवाल पंजी ठाऊक असते. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू सांगे, ते त्यात लिहिले जाई. तहसीलच्या नकलेच्या खिडकीवर मिळालेली जुन्या पंजीची नक्कल वाचली की बापाचे नाव असते, जात असते, मुलगा की मुलगी ते असते. आडनावाला जागाच नसते. 'राजन्ना वल्द लिंगन्ना, कोमटी' असा मजकूर, त्यात कुठलाही वार नाही. मोडी-देवनागरी मिश्र, शाई पुसट, पानाला वाळवीने केलेली नक्षी. आडनाव दिसते ते त्या राजन्नाच्या नातवाचे, शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात. मुलाला घेऊन आलेल्या बापाला किंवा काकाला मास्तर विचारतो, तो घुटमळतो, आणि मास्तरला गावात सगळे ज्या नावाने ओळखतात ते माहीतच असते. मास्तर लिहून मोकळा होतो. पुढे पडताळणीत अडचण हीच येते. आजोबाच्या कागदावर आडनाव नाही, बापाच्या कागदावर एक आहे आणि काकाच्या कागदावर एका काना-मात्रेने वेगळे. येरवार की येरावार, उत्तरवार की उत्तरावार, हा वाद मास्तर बदलल्याने सुरू झालेला असतो आणि सख्ख्या भावांची लेकरे दोन आडनावांची निघतात. राजन्ना, लिंगन्ना ही नावेही पुढे राजेश्वर, लिंगेश्वर झाली. नाव पुरते मराठी झाले आणि तेलुगू तेवढी आडनावात उरली.

वारांची संख्या किती, याचे उत्तर जनगणनेत मिळत नाही. जनगणना आडनावे मोजत नाही. पण त्यांचा पट्टा कुठला, हे निवडणुकीचे निकाल वाचूनही कळते. सुधीर मुनगंटीवार बल्लारपूरचे, विजय वडेट्टीवार ब्रह्मपुरीचे, किशोर जोरगेवार चंद्रपूरचे, मदन येरावार यवतमाळचे. नांदेडच्या धर्माबाद-देगलूरपासून निघावे, किनवट, पांढरकवडा, वणी, राजुरा, चंद्रपूर, मूल, गोंडपिपरी, आलापल्ली करीत सिरोंच्याला पोचावे. या कमानीत वार दाट. कमानीपासून उत्तरेला आणि पश्चिमेला जावे तसे विरळ. अमरावतीत कमी, बुलढाण्यात शोधावे लागतात, आणि सह्याद्रीच्या पलीकडे दिसले तर बदलीवर किंवा नोकरीवर गेलेले. गोंदिया-भंडाऱ्याकडे गेल्यावर पोवार भेटतात, पण ते परमारांचे नाव सांगणारे माळव्याकडचे. त्यांचा या वारांशी काडीचा संबंध नाही.

नागपूर या कमानीत नाही. नागपूर म्हणजे कमानीतले पाणी शेवटी उतरते तो तलाव. कॉलेज इथे, हायकोर्ट इथे, मोठे दवाखाने इथे, इतवारीचा ठोक बाजार इथे. आदिलाबाद-पांढरकवडा-हिंगणघाट करीत हैदराबादचा रस्ता इथेच येतो आणि १९२९ च्या सुमारास काझीपेठ-बल्लारशा लोहमार्ग जोडला गेल्यावर मद्रासहून दिल्लीला जाणारी ग्रँड ट्रंकही इथूनच जाऊ लागली. चांद्याचा व्यापारी मुलाला शिकायला नागपूरला ठेवी, मुलगा वकील होऊन इथेच राही. नागपुरातल्या वाराला गाव विचारले तर तो नागपूर सांगत नाही, चांदा किंवा वणी सांगतो, जिल्ह्याचे नाव कधीचेच चंद्रपूर झाले असले तरी. तेलंगखेडीच्या नावात तेलंग ऐकू येतो, म्हणून तिथे या मंडळींचा जुना धागा जोडायचा मोह होतो, तो आवरावा.

घरात तेलुगू किती उरली, हे घराघरांवर आहे. सिरोंच्याकडे ती आजही बोलती आहे. नागपुरात आजीची तेलुगू, बापाची समजण्यापुरती, नातवाची नाही, असा उतार बहुतेक ठिकाणी सापडतो. भाषेपेक्षा चिवट दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे जेवण. अंबाडीला पुंटीकूर म्हणणारी घरे नागपुरात आहेत आणि संक्रांतीला तिळाच्या वड्यांबरोबर सकिनाल तळले जातात. दुसरी गोष्ट सोयरिकीची. तेलुगू रिवाजात मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क, त्याला मेनरिकम म्हणतात. महाराष्ट्रातही मामेबहिणीशी लग्न चालते म्हणून तो इथे टिकायला अडचण आली नाही. कोमट्यांत कन्यका परमेश्वरीची उपासना आहे, तिच्याबरोबर पेनुगोंड्याला १०२ गोत्रांच्या कुटुंबांनी अग्निप्रवेश केला अशी कथा आहे, आणि लग्न जुळवताना आजही गोत्र आधी बघतात, आडनाव मागून. परिणाम असा की चांद्याच्या एखाद्या लग्नात दोन्हीकडच्या पाहुण्यांची यादी केली तर तीच दहा-बारा आडनावे कधी मामाच्या जागी, कधी व्याह्याच्या जागी फिरताना दिसतात. एकाच सुनेची आत्या आणि सासू एकच बाई असणे, ही इथे कादंबरीतली गुंतागुंत नाही.

अलीकडे हे आडनाव पुन्हा एकदा नदी ओलांडून गेले, या वेळी उलट दिशेने. नागपूरची इंजिनिअर मुले हैदराबादला हायटेक सिटीत नोकरीला लागली. तिथे पहिल्याच दिवशी गळ्यातले ओळखपत्र वाचून शेजारच्या टेबलावरचा माणूस विचारतो, "मीरु तेलुगु वारा?" तुम्ही तेलुगूवाले का? प्रश्नातही वार आहे. मुलाला उत्तर येत असते, पण मराठीत. अमेरिकेत गेलेल्यांची गोष्ट निराळी. तिथे रोमन अक्षरांतल्या शेवटच्या तीन अक्षरांचा उच्चार थेट युद्धाचा होतो, आणि पुण्याच्या वसतिगृहात 'कितवा वार' ऐकून कंटाळलेल्या माणसाला तिथे शांततावादी असल्याचा खुलासा करावा लागतो.

हैदराबादच्या कचेरीत आणखी एक गोष्ट लक्षात येते. तिथले सहकारी घरनाव आधी लिहितात, नाव मागून. आपल्या मुलांनाही ते परके वाटत नाही, कारण महाराष्ट्राच्या शाळेत, हजेरीपटावर, दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधीच येते. कन्नमवार मारोती सांबशिव, मग टक्केवारी. तेलुगूत घरनाव पुढे होते, मराठीने ते बोलताना मागे टाकले आणि बोर्डाने पुन्हा पुढे आणून ठेवले. पासपोर्टाच्या अर्जात मात्र आडनाव आणि दिलेले नाव यांचे रकाने वेगळे असतात. तिथे पलीकडच्या काठावरचा माणूस आपला 'जी' किंवा 'एन' उलगडून कुठे लिहावा म्हणून एजंटाला विचारत बसतो, आणि गड्डमवारांचा मुलगा अर्ज भरून केव्हाच घरी गेलेला असतो.